‘तंबाखू खाता का?’ हा प्रश्न चुकतो : आशाताईंच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाविषयी

मुंबईतील एका स्वयंसेवी संस्थेने गेल्या फेब्रुवारीत आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील आशा स्वयंसेविकांसाठी तंबाखूचे दुष्परिणाम आणि गावपातळीवरील समुपदेशन या विषयावर दोन दिवसांचे प्रशिक्षण घेतले. एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला आंबा-काजूचे सडे अशा सिंधुदुर्गाच्या किनारी भागात मी गेली बारा वर्षे गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणारी, म्हणून काम करते, आणि प्रशिक्षणाला बसलेल्या 24 जणींपैकी बहुतेकींना त्या रजिस्टर घेऊन पहिल्यांदा घराबाहेर पडल्या तेव्हापासून ओळखते. हीच संस्था आता शेजारच्या तालुक्यांतही जाणार असल्याने तिथल्या गटप्रवर्तक आणि वैद्यकीय अधिकारी ‘कसे आहे, घ्यावे का’ असे फोनवर विचारू लागले आहेत. प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवावे, म्हणून हा मजकूर. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या एकाच तुकडीच्या अनुभवावर बेतलेल्या आहेत.

मत आधीच सांगून टाकते. प्रशिक्षण जरूर घ्यावे, मात्र पहिल्या दिवसाची सकाळ बदलून मागावी आणि दुसऱ्या दिवशीचा दंतवैद्यांचा भाग वाढवून घ्यावा.

व्यवस्थेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. प्रशिक्षण विनामूल्य होते, जागा आरोग्य केंद्राच्या सभागृहाची होती, आणि दुपारचे जेवण, म्हणजे भात, डाळ, मटकीची उसळ आणि सोलकढी, वेळेवर व पोटभर मिळाले. प्रवासखर्च मात्र संस्थेने दिला नाही. आशांचे काम मोबदल्यावर चालते, ज्या दिवशी काम नाही त्या दिवसाचे पैसे बहुधा नाहीत, आणि आमच्या चार जणी तर खाडीपलीकडून होडीने येऊन पुढे रिक्षा करतात; त्यांच्यासाठी हे दोन दिवस ‘विनामूल्य’ नव्हते. पहिल्या दिवशी कणकवलीला प्रशिक्षकांची गाडी उशिरा आल्यामुळे दहाचे सत्र साडेअकराला सुरू झाले आणि संध्याकाळी सहापर्यंत लांबले. शेवटची एसटी सव्वापाचला जाते हे मी आदल्या आठवड्यात दोनदा कळवले होते. त्या संध्याकाळी तिघींना घरी पोहोचवण्यासाठी माझ्या यजमानांना मोटारसायकलच्या दोन फेऱ्या माराव्या लागल्या.

आता मुख्य विषय. पहिल्या सत्राचा जवळजवळ पाऊण तास सिगारेटच्या धुरावर गेला. धुरात 7,000 हून अधिक रसायने असतात, त्यांतील सुमारे 70 कर्करोगकारक आहेत, फुप्फुसांचे असे होते, हृदयाचे तसे होते, ही माहिती खरी आहे आणि पडद्यावर ती चांगली मांडलीही होती. अडचण एवढीच की ती आमच्या गावांची नव्हती. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात. एकूण प्रौढांपैकी धूम्रपान करणारे अवघे 3.8 टक्के आहेत, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे 24.4 टक्के; काही जण दोन्ही करतात. म्हणजे ज्या राज्यात बहुतेक तंबाखू तोंडात ठेवली जाते, त्या राज्यातील आशांना आरंभीचा सर्वांत ताजा वेळ फुप्फुसाच्या चित्रांवर घालवावा लागला. मी चहाच्या वेळी हे आकडे मुख्य प्रशिक्षकांना दाखवले, तेव्हा त्यांनी ते संस्थेच्याच पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर असल्याचे सांगितले. होते खरे. मग क्रम तसा का, याचे उत्तर काही मिळाले नाही. पुस्तिका बहुधा दुसऱ्या राज्यासाठी तयार होऊन इथे आली असावी, कारण तिच्यात पानोपानी ‘खैनी’ (चुना लावून मळलेली तंबाखू) हा शब्द आहे आणि आमच्याकडे खैनी म्हणजे काय हे विचारणाऱ्या आशाच अधिक निघाल्या.

त्यानंतर कर्करोगग्रस्त तोंडांची छायाचित्रे आली. गालाला पडलेली भोके, काढून टाकलेले जबडे अशी एकामागून एक वीस-बावीस छायाचित्रे पाहताना पुढच्या रांगेतील दोघींनी पदर तोंडाला लावला आणि मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. भीती दाखवू नये असे माझे म्हणणे नाही. तंबाखूच्या वेष्टनावर 85 टक्के जागा चित्रमय इशाऱ्याने व्यापलेली असावी हा नियम 2016 पासून लागू आहे आणि त्यामागे विचार आहे. परंतु आमच्याकडील बायका जी तंबाखू वापरतात ती वेष्टनात येतच नाही. आठवडा बाजारात किंवा वाडीतल्या दुकानात सुटी पाने वजनावर मिळतात, कागदात गुंडाळून घरी येतात, तव्यावर भाजली जातात आणि डबीत भरली जातात. त्या डबीवर ना चित्र असते ना इशारा. बऱ्याचदा ती जुन्या मलमाची किंवा पावडरची डबी असते. 1992 पासून टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी आहे, पण मशेरीपर्यंत, म्हणजे घरच्या तव्यावर भाजून दातांना लावायच्या या तंबाखूच्या पुडीपर्यंत, ती बंदी कशी पोहोचणार?

मशेरी हा शब्द पहिल्या दिवशी दुपारी पावणेतीनपर्यंत कोणाच्या तोंडून निघाला नव्हता. तो निघाला तो प्रश्नावलीच्या सरावात. ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ या प्रश्नाने गृहभेटीची सुरुवात करायची, ‘हो’ म्हटल्यास पुढे जायचे आणि ‘नाही’ म्हटल्यास अभिनंदन करून पुढच्या घरी वळायचे, असे शिकवले जात होते. तेव्हा खारवीवाड्यातील, म्हणजे मच्छीमारांच्या वस्तीतील, एक आशाताई उठून म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे बायका तंबाखू खानत नाय, मशेरी लावतत.” सभागृहात हशा पिकला, पण तो ओळखीचा हशा होता. तिने एका क्रियापदात सगळा पेच उलगडून दाखवला होता. आमच्याकडे विडी ओढतात, तपकीर ओढतात, तंबाखू मळतात, तिचा बार भरतात, पान खातात आणि मशेरी लावतात. जी बाई दिवसातून चार वेळा मागच्या दारी बसून तर्जनीने दातांना आणि हिरड्यांना मशेरी लावते, ती ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच उत्तर देते. मशेरी ही तिच्या लेखी दात घासण्याची वस्तू आहे, व्यसन हे नवऱ्याचे असते.

या ठिकाणी हा सराव घेणाऱ्या प्रशिक्षक मुलीचे मनापासून कौतुक करते. वयाने लहान, समाजकार्याची पदवी नुकतीच घेतलेली, पण तिने हातातला कागद बाजूला ठेवला, फळा पुसला आणि ‘मला तुमचे शब्द सांगा’ म्हणून अर्धा तास फक्त लिहून घेतले. मग सगळ्यांनी मिळून प्रश्न नव्याने बांधला : सकाळी दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा, आणि नाही घासले तर काय होते? या तिसऱ्या प्रश्नात सवय आणि व्यसन यांतला फरक आपोआप बाहेर येतो, कारण दंतमंजन लावणाऱ्या बाईचे एक वेळ चुकली म्हणून डोके दुखत नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आम्ही जो सीबॅक फॉर्म, म्हणजे मधुमेह, रक्तदाब, कर्करोग अशा आजारांचा धोका पडताळण्याचा अर्ज, भरतो त्यातही तंबाखूचा प्रश्न आहे. कधीच नाही, पूर्वी किंवा अधूनमधून, आणि रोज, यांसाठी अनुक्रमे 0, 1 आणि 2 असे गुण द्यायचे असतात. इतकी वर्षे आम्ही किती बायकांपुढे शून्य लिहिले असेल याचा विचार मी त्या संध्याकाळी मोटारसायकलींच्या फेऱ्या संपेपर्यंत करत बसले होते. दुसऱ्या दिवशी येताना दोघी-तिघींनी शेजारच्या घरांत नवा प्रश्न विचारून पाहिला होता, आणि त्यांतल्या काही ‘नाहीं’चे ‘हो’ झाले होते.

मशेरी भाजण्याविषयी बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. तंबाखूची पाने लोखंडी तव्यावर मंद आचेवर काळपट होईपर्यंत भाजतात आणि मग हाताने चुरून किंवा पाट्यावर वाटून पूड करतात. भाजताना निघणारा धूर असा उग्र असतो की शेजारच्या घरातही ठसका लागतो, आणि त्या चुलीजवळ बहुतेक वेळा नातवंड खेळत असते. माझी आई महिन्यातून एकदा मशेरी भाजायची, आणि त्या दिवशी आम्हा भावंडांना अंगणात पिटाळले जायचे. धुराच्या सत्रात सिगारेटऐवजी हा धूर आला असता तर पहिला पाऊण तास वाया गेला असे मी म्हटले नसते.

दुसऱ्या दिवसाची सुरुवात गरोदरपणाच्या विषयाने झाली आणि ते सत्र मी आजवर पाहिलेल्या उत्तम सत्रांपैकी होते. नवजात बालकांच्या गृहभेटींसाठी आशांकडे वजनकाटा असतो. प्रशिक्षकांनी एकीला तिचाच काटा घेऊन पुढे बोलावले, झोळीत तांदळाची पिशवी ठेवून वजन 2,550 ग्रॅम भरेपर्यंत मुठीमुठीने तांदूळ घातले, आणि मग वेगळ्या पुडीत मोजून आणलेल्या तांदळाएवढे, म्हणजे 105 ग्रॅम, तांदूळ सर्वांसमोर काढून घेतले. काटा अडीच किलोच्या रेषेखाली उतरला. मुंबईतील गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी आढळले होते, ही माहिती नंतर सांगितली. 2,500 ग्रॅमखालचे बाळ ‘कमी वजनाचे’ ठरते आणि त्यापुढे त्या बाळासाठी काय काय करावे लागते हे आशांइतके कोणाला ठाऊक असणार? कोणी काही बोलले नाही, पण झोळीतून काढलेली ती मूठ एका ताईने हातात घेऊन पाहिली आणि शेजारणीकडे दिली, आणि ती रांगेच्या शेवटापर्यंत फिरली.

तंबाखू सोडण्याच्या सल्ल्याचे सत्र मात्र अर्धे जमले आणि अर्धे फसले. निकोटिनची तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ टाळावा, पाणी प्यावे, दीर्घ श्वास घ्यावा, हात दुसऱ्या कामात गुंतवावेत. सोडल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात, चिडचिड होते, झोप लागत नाही, पण काही आठवड्यांत हे कमी होत जाते. हे सगळे स्पष्टपणे आणि नीट सांगितले गेले. ‘मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हा प्रश्न आला तेव्हा मात्र मुख्य प्रशिक्षकांनी ती अंधश्रद्धा आहे असे सांगून विषय संपवला. तिथे मला राहवले नाही. बरे झाले की दंतवैद्य मागे बसून ऐकत होते आणि त्यांनी उठून दुरुस्ती केली. निकोटिन आतड्यांच्या हालचालीला खरोखरच चालना देते, त्यामुळे सवय झालेल्या बाईने ते एकदम थांबवले तर काही दिवस बद्धकोष्ठता होऊ शकते. ती बाई जे सांगते तो तिच्या शरीराचा अनुभव आहे. तिला ‘खुळचट समजूत’ म्हणून उडवून लावणारी आशा पुढच्या वेळी दारात उभी राहू शकणार नाही. उलट ‘हो, आठ-दहा दिवस त्रास होईल, सकाळी कोमट पाणी घ्या, पालेभाजी-फळे वाढवा, चालून या’ असे आधीच सांगून ठेवले तर त्रास झाल्यावर ती बाई मशेरीकडे परत वळण्याऐवजी आशेला बोलावील. माझ्या दृष्टीने दोन दिवसांतील सर्वांत उपयोगी पाच मिनिटे ती हीच, आणि ती कार्यक्रमपत्रिकेत नव्हती.

तोंडाची तपासणी शिकवण्यासाठी दंतवैद्यांना फक्त सव्वा तास दिला होता. त्यांनी सभागृह सोडून व्हरांड्यात बाक मांडले, कारण तिथे उजेड होता. गाल बाहेर ओढून आतली बाजू, ओठांची आतली बाजू, हिरड्या आणि ओठ यांमधली खाच, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा, या क्रमाने पाहायचे. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, दोन आठवड्यांत बरे न होणारे तोंडातले व्रण, आणि स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जात नसतील इतके आखडलेले तोंड, या खुणा लक्षात ठेवायच्या. निदान आशेने करायचे नाही, संशय आला की पुढे पाठवायचे, हे त्यांनी इतक्या वेळा बजावले की शेवटी सगळ्या एकसुरात म्हणू लागल्या. मग बॅटरी आणि हातमोजे घेऊन जोड्या पडल्या आणि एकमेकींची तोंडे तपासणे सुरू झाले.

आणि इथेच प्रशिक्षणाने न विचारलेला प्रश्न समोर आला. एका जोडीत बॅटरी धरलेली ताई थबकली, काही बोलली नाही, आणि तिने दंतवैद्यांकडे नुसते पाहिले. समोर बसलेल्या ताईच्या खालच्या हिरडीला लागून, ओठाच्या आत, सुरकुतलेला राखाडी-पांढरा पट्टा होता. ती स्वतः दिवसातून तीनदा मशेरी लावते हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. मला तर आठ वर्षांपासून ठाऊक आहे, आणि या आठ वर्षांत मी तिला लसीकरण, प्रसूती, क्षयरोग, कुष्ठरोग, पाणी-नमुने अशा सगळ्या विषयांवर फोन केले आहेत, या विषयावर एकही नाही. दंतवैद्यांनी तिला बाजूला नेऊन हळू आवाजात समजावले की असा प्रत्येक पट्टा कर्करोग नसतो, लावणे बंद केल्यावर कित्येकदा तो कमीही होतो, पण दाखवायला हवे. परत आल्यावर ती माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, “माका पण सोडूची आसा, पण लोकांका काय सांगू? मीच लावतंय.”

आशा या त्याच गावच्या सुना असतात, त्याच चुलीपाशी बसतात, त्याच सासवांच्या हाताखाली मशेरी लावायला शिकतात. तेव्हा 24 जणींच्या खोलीत मशेरी लावणाऱ्या काही जणी असणार हे गृहीत धरून कार्यक्रम आखायला हवा होता. पहिल्या दिवशी, कोणाचेही नाव न घेता, ‘तुमच्यापैकी ज्यांना स्वतःला सोडायची आहे त्यांच्यासाठी संध्याकाळी अर्धा तास’ एवढी सोय ठेवली असती तरी पुरे होते. संस्थेच्या आराखड्यात आशा म्हणजे फक्त संदेश पोहोचवणारी, तिला स्वतःला तोंड आहे हे त्यात कुठे दिसत नाही. नवीन तुकडी घेणाऱ्यांनी ही मागणी लेखी करावी असे मी सुचवते.

पुढे पाठवायचे तर कुठे, याबाबत छापील चिठ्ठीवर मुंबईच्या परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयाचे नाव होते. ते रुग्णालय मोठे आहे यात वाद नाही, पण हिरडीवर चट्टा दिसलेली बाई आमच्या गावातून थेट परळला जाणार नाही. ती ‘बघू’ म्हणेल आणि ते बघणे शिमग्यावर, मग आंब्यावर, मग गणपतीवर जाईल. आमच्याकडे पहिला टप्पा ओरोसचे जिल्हा रुग्णालय हा आहे, आणि त्यापलीकडे लोक बहुधा गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा पातळीवर तंबाखू मुक्ती केंद्राची तरतूदही आहे. चिठ्ठीवर तालुक्याचा, मग जिल्ह्याचा, आणि मग मुंबईचा असा क्रम असावा, आणि कोणत्या वारी दंतविभाग सुरू असतो हे हाताने लिहिण्यासाठी जागा असावी, असे आम्ही कळवले आहे.

संवादाच्या सरावात आशांनी आपापसांत सासू, सून आणि आशा अशी सोंगे घेतली. गरोदर सुनेला मशेरी लावू नको म्हणताच सासू झालेल्या ताईने, “माझी आवस (आई) नव्वद वर्सां जगली, मरोसर मशेरी लावी होती,” असे ठासून सांगितले आणि आशा झालेली ताई पुस्तिका उघडून उत्तर शोधू लागली. पुस्तिकेत याचे उत्तर नाही. एका जुन्या आशेने उत्तर दिले ते असे की, आजीला देवाने आयुष्य दिले, चांगली गोष्ट आहे, पण आजीची किती बाळंतपणे झाली आणि त्यांतली किती मुले हाताशी लागली, ते सांगा. सासू गप्प झाली. वाद न घालता घरातलीच गोष्ट घरातल्यांसमोर ठेवण्याची ही रीत पुढच्या तुकड्यांना शिकवण्यासाठी प्रशिक्षक मुलीने आपल्या फोनवर ध्वनिमुद्रित करून घेतली.

खलाशांसाठी दिलेला सल्ला मात्र मुंबईच्या कार्यालयात बसून लिहिल्यासारखा होता. तलफ आली की फिरायला जा, मित्राला फोन करा, असे त्यात होते. रात्री ट्रॉलरवर जाळे ओढणारा माणूस कुठे फिरायला जाणार आणि रेंज नसलेल्या समुद्रातून कोणाला फोन करणार? वाऱ्यात विडी पेटत नाही, झोप आणि भूक मारायची असते, म्हणून तिथे तंबाखूचा बार भरला जातो. खारवीवाड्यातील त्याच ताईने मग सुचवले की 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, माणसे घरी असतात, जाळी विणत बसलेली असतात, तेव्हा त्यांना गाठावे. पहिले कठीण आठवडे जमिनीवर गेले तर नारळी पौर्णिमेनंतर होडी लोटताना ते निभावू शकतील. ही सूचना प्रशिक्षकांनी लिहून घेतली, पण पुस्तिकेत ती आली की नाही हे पुढच्या छपाईतच कळेल.

सुपारीचा विषय निघाला आणि सगळ्यांचीच पंचाईत झाली. नुसती सुपारी, तंबाखूशिवाय, चालेल का, असा प्रश्न एका ताईने विचारला, आणि मुख्य प्रशिक्षकांनी ‘तंबाखू नसेल तर फारसे काही नाही’ असे उत्तर दिले. हे चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच सुपारीला स्वतंत्रपणे कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले, आणि तोंड आखडून तीन बोटे आत न जाण्यामागचे मुख्य कारणच सुपारी आहे. दंतवैद्यांनी इथेही दुरुस्ती केली, पण आवाज जरा खाली आणून. कारण उघड होते. सभागृहातील निम्म्या घरांच्या परसात सुपारीची झाडे आहेत आणि वेंगुर्ले-सावंतवाडीकडच्या नातेवाइकांची वर्षाची मिळकत त्यांवर आहे. ही अडचण अवघड आहे हे मान्य केले तरी आशेला चुकीची माहिती देऊन ती सुटत नाही. समारोपाला पाहुण्यांपुढे नारळासोबत विड्याचे ताट आले, ते आमच्याच आरोग्य केंद्राने मांडले होते, तेव्हा दोष एकट्या संस्थेचा कसा म्हणावा!

गुटख्याच्या कायद्याचे सत्र मी लवकर आटोपते. महाराष्ट्रात जुलै 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, 2003 च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांना आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, हे सर्वांना माहीत असावे आणि तेवढे सांगितलेही गेले. परंतु गुटखा विकणाऱ्या दुकानाची माहिती आशेने पोलिसांना द्यावी, ही अपेक्षा मला मुळीच पटली नाही. तो दुकानदार तिचा दीर असतो, किंवा तिला उधारीवर तांदूळ देणारा असतो. हे काम ग्रामपंचायतीचे आणि शाळेचे आहे. आशेने घराघरांतला विश्वास सांभाळावा, तोच तिचा सगळा धंदा आहे.

तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठीचा 1800-11-2356 हा निःशुल्क क्रमांक, जो तंबाखूच्या वेष्टनावरही छापलेला असतो, सगळ्यांनी आपापल्या फोनमध्ये नोंदवून घेतला, हे चांगले झाले. दर महिन्याला पाठपुराव्याचा फोन करू, असे संस्थेने सांगितले होते. तीन महिन्यांत एकच फोन आला, तोही अभिप्राय-अर्ज का भरला नाही हे विचारण्यासाठी.

ज्या ताईच्या हिरडीवर पट्टा दिसला ती मार्चमध्ये माझ्यासोबत ओरोसला आली. तपासून तिला तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. मशेरी तीनदावरून एकदावर आली आहे, पूर्ण सुटलेली नाही, आणि ती हे आपल्या वाडीतील बायकांना उघडपणे सांगते. त्यामुळे तिच्याकडे बायका येऊन बसतात असे माझ्या पाहण्यात आले आहे. पुस्तिका घेऊन फिरणाऱ्या इतर जणींकडे तितक्या येत नाहीत.

संस्थेने दुसऱ्या तुकडीसाठी जुलैच्या तारखा विचारल्या आहेत. मी होकार कळवला आहे, सोबत दंतवैद्यांना पूर्ण सकाळ द्यावी, प्रवासखर्च द्यावा आणि स्वतः सोडू इच्छिणाऱ्या आशांसाठी वेगळा वेळ ठेवावा असे तीन मुद्दे लिहिले आहेत. चौथा मुद्दा खाली अधोरेखित केला आहे : पावसात शेवटची एसटी पावणेपाचलाच सुटते.